गाळून घेतलेला समुद्र

आमच्या शहरात समुद्र ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. वीस-वीस लिटरचे दोन कॅन, गोणपाटात गुंडाळलेले, झाकणावर चिकटपट्टी. किनाऱ्यावरच्या एका संस्थेचं जहाज दूर समुद्रात गेलं की तिथले लोक आमच्यासाठी थोडं पाणी गाळून बाजूला ठेवतात. ते उतरवून घ्यायला सकाळी क्रांती चौकात मी स्वतः जाऊन उभी राहते. दुसऱ्या कुणावर सोपवलं तर तो कॅन आपटेल की काय, या काळजीनं मला घरी चहा गोड लागत नाही. डिकीतून सामान काढणाऱ्या माणसानं एकदा विचारलं, "क्या मॅडम, गंगाजल है क्या?" मी म्हटलं, समुद्राचं आहे. तो कॅन हातात धरून थांबलाच. "इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय अन् तुम्ही खारं पाणी मागवता व्हय?"

त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. घरी, पुंडलिकनगरात, पाण्याच्या दिवशी मी पातेल्यांपासून तांब्यांपर्यंत सगळं भरून ठेवणारी बाई. पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात जे जीव होते, त्यांना आमचं नळाचं पाणी चालत नव्हतं.

मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. माझं सगळं आयुष्य गोड्या पाण्यातल्या शेवाळात गेलं. भाताच्या खाचरात वाढणारे नील-हरित जिवाणू मी ओळखते, त्यांची वेणीसारखी गुंतलेली माळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसली की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. समुद्राशी माझा संबंध सहलीपुरता होता. तो माझ्या विद्यार्थिनीनं आणला. कन्नडच्या घाटाखालच्या गावातली मुलगी, घरी मका आणि आलं, दोन बैल. पीएच.डी.साठी माझ्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मला समुद्रातल्या जिवाणूंवर काम करायचंय. उजेड खाणाऱ्या."

"तू समुद्र पाहिलायस का?"

"नाय ना. म्हणून तर."

मला हसू आलं आणि रागही. पण मुलगी हट्टाची. खटपट करून तिनं त्या संस्थेच्या जहाजावर जागा मिळवली. अरबी समुद्रात गेली, बहुतेक दिवस उलट्या काढल्या आणि तरीही उजेड जेमतेम पोहोचतो अशा खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन आली. त्या पाण्यातून एक जात वेगळी काढून वाढवायला तिला वर्षाच्या वर लागलं. कितीदा तरी नळ्या मेल्या. शेवटी एका नळीत फिकट हिरवी झाक आली, तेव्हा ती प्रयोगशाळेतल्या मामांना, म्हणजे आमच्या वयस्कर परिचरांना, पेढे देत सुटली होती.

या जिवाणूंचं नाव प्रोक्लोरोकॉकस. इतके बारीक, की हजार एका ओळीत उभे केले तरी मोहरीच्या दाण्याइतकी लांबी भरायची नाही. साऱ्या जगातल्या उबदार समुद्रांत ते आहेत, थेंबाथेंबात हजारोंनी. आणि माझ्या शाळेच्या दिवसांपर्यंत ते आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. जगातल्या प्राणवायूत त्यांचा मोठा वाटा आहे, आणि आपण त्यांना ओळखत नव्हतो. याची मला अजूनही लाज वाटते, जणू ती माझीच चूक होती.

वरून बघाल तर सगळे सारखे. हिरवट ठिपके. पण माझी विद्यार्थिनी सांगायची ते असं, की एकाच जागच्या पाण्यात खाली खाली जावं तसं त्यांचं कुळ बदलत जातं. वरच्या थरातल्यांना लख्ख ऊन लागतं. खालच्यांना तेच ऊन भाजून काढतं, त्यांना निळा, मंद, उरलासुरला उजेड पुरतो. त्यांचे भाऊबंद सिनेकोकॉकस थोडे मोठे, जास्त काटक, आणि नळीत दाट वाढले की चक्क गुलाबी-केशरी दिसतात. तिची जात खालच्यांतली. म्हणून आमच्या कपाटातल्या दिव्यांना तिनं आकाशकंदिलाचा निळा जिलेटीन कागद गुंडाळला होता, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला. कपाट उघडलं की आतून निळसर थंड उजेड बाहेर यायचा आणि मामा म्हणायचे, "आला मॅडम, तुमचा समुद्र."

तिचा सगळा प्रबंध त्या चौदा नळ्यांवर उभा होता. तशी जात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

भाद्रपदाच्या तोंडाशी ती पोळ्याला गावी निघाली. बैलांना सजवायचं, आईला मदत करायची, आठवडाभरात परत. जाताना कपाटापाशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, फक्त बघत जा. हात नका लावू."

"अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी नळ्या सांभाळते," मी म्हटलं. ती हसली, पण निघता निघता दोनदा मागं वळून पाहून गेली.

मला स्वस्थ बसता येत नाही. कुणी येणार असलं की तर नाहीच. आणि त्या आठ-दहा दिवसांत दोन्हीकडे पाहुणे येणार होते. घरी महालक्ष्म्या आणि कॉलेजात तपासणीची समिती. आमच्या घराण्यात पणजोबांपर्यंत भिक्षुकी, नंतर तहसिलातली कारकुनी. महालक्ष्म्यांच्या आधीचे दिवस म्हणजे माझ्या आईच्या अंगात वारं शिरायचं. फडताळं रिकामी, डबे उन्हात, पितळ चिंचेनं लख्ख, जुनं ते सगळं बाहेर. ओल्या साडीत स्वयंपाक आणि कुणी शिवलं तर पुन्हा आंघोळ. मी लग्न झाल्यावर ते सोवळं सोडलं आणि सोडल्याचा मला भारी अभिमान होता. खरं तर ते माझ्यातून गेलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून उठून प्रयोगशाळेत येऊन बसलं होतं.

समिती सोमवारी येणार होती. शुक्रवारी मी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सहज. आणि मला तिथं तिच्या हिरव्या ठिपक्यांबरोबर दुसरे, बिनरंगाचे, वळवळणारे जिवाणू दिसले. पुष्कळ. मी चौदाच्या चौदा नळ्यांतले थेंब बघितले. सगळीकडे तीच गर्दी.

माझ्या गुरूंच्या प्रयोगशाळेत अशी नळी सापडली असती तर आम्हाला दिवसभर तोंड वर करायची सोय राहिली नसती. शुद्ध कल्चर म्हणजे एका नळीत एकच जीव, दुसरा शिरलाच तर तो मळ. मी हेच शिकले, हेच शिकवलं. समितीतल्या कुणी नेमकी हीच नळी उचलून पाहिली तर? माझ्या डोळ्यांसमोर ते दृश्य आलं आणि मग मला थांबताच येईना. दुपारभर मी बारीक छिद्रांच्या गाळणीतून तिचा समुद्र गाळत बसले. तिचे जिवाणू इतके लहान की ते खाली उतरतात, मोठे वर अडकतात. खाली आलेलं हिरवं पाणी मी कॅनमधल्या ताज्या पाण्यात दहापट पातळ केलं, चोवीस नव्या नळ्यांत भरलं, सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. थेंब तपासला. स्वच्छ. वळवळ जवळपास नाहीच.

आणि मग जुन्या नळ्यांत जे उरलं होतं, ते मी मामांना ऑटोक्लेव्हला लावायला सांगितलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकरच, वाफेच्या दाबाखाली आतलं सगळं मरतं. मामा म्हणाले, "ताईच्या नळ्या हायेत या. ताईला इचारलं का?" मी म्हटलं, "मामा, ताईची गुरू मी आहे." त्यांनी नळ्या उचलून नेल्या. मी हात धुतले, आणि मला फार बरं वाटलं. जुनं बाहेर गेल्यावर आईला वाटायचं तसं.

सोमवारी समिती आली. चहा प्याली, ग्रंथालय बघितलं, स्वच्छतागृहं बघितली. कपाटाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी नळ्यांतला हिरवा रंग उतरलेला होता. मी स्वतःला समजावलं, नव्या पाण्यात रुळायला वेळ लागतो. दुपारी पुन्हा पाहिलं. बुधवारी चोवीस नळ्यांत पाण्यासारखं पाणी होतं. मी एक-एक नळी उजेडाकडे धरली, हलवली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही नव्हतं. तिच्या वर्षाच्या कष्टांचं मी निर्मळ पाणी करून ठेवलं होतं. मी तिथल्याच स्टुलावर बसले.

असं का झालं, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तिनं सहा महिन्यांपूर्वी माझ्या टेबलावर ठेवलेला शोधनिबंध अजून तिथंच होता, वर तिच्या अक्षरात "मॅडम, हे जरूर वाचा." मी चाळला होता, वाचला नव्हता. उजेडानं पाण्यात थोडंथोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं, जखमेवर ओतलं की फेस येतो तेच. या जिवाणूंना ते विष. पण ते मोडून काढायची ताकद त्यांनी कधीच्या काळी टाकून दिली आहे. कशाला ओझं वाहायचं? शेजारी ते काम करतातच. ते बिनरंगाचे, वळवळणारे, ज्यांना मी मळ समजले, ते शेजारी होते. दाट गर्दीत शेजाऱ्यांशिवाय थोडा काळ निभतं, पण पातळ पाण्यात विरळ पडले की मरतात. तिनं हे तोंडानंसुद्धा सांगितलं होतं मला. "यांना सोबत लागती मॅडम. एकटे राहिले की संपले." मी तेव्हा हो हो म्हणत दुसऱ्या कुणाचा पेपर तपासत होते. अति तिथं माती म्हणतात, ती माझ्या हातानं झाली होती.

ती गुरुवारी आली. पिशवीत माझ्यासाठी कणसं होती. मी दारातच तिला गाठलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "अगं, लाईट गेली होती. इन्व्हर्टर पण बसला. कपाट तापलं. गेलं गं सगळं."

हे मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर मागंही घेतलं नाही.

ती कपाटाशी गेली. बराच वेळ वाकून आत बघत राहिली. माझ्याकडे न वळता तिनं एकच विचारलं, "किती वेळ गेलती लाईट?"

"तीन-चार तास. शनिवारी दुपारी."

"बरं," ती म्हणाली. कणसं टेबलावर ठेवली आणि नळ्या धुवायला घेतल्या. रडली नाही, चिडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घरी महालक्ष्म्या बसल्या, सोळा भाज्या झाल्या, आणि मी पुरणात मीठ घातलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून काय लिहायचं ते विसरायचे. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. प्रयोगशाळेच्या दाराशी पोहोचले की तिच्या पाठीकडे बघून दुसरंच काही बोलायचे, "जेवलीस का," "फिनेल संपलंय." ती कधी हळू आवाजात फोनवर बोलली की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतेय. चोराच्या मनात चांदणं. एकदा मामांनी मला व्हरांड्यात थांबवलं. "मॅडम, शनिवारी तर मी दुपारभर पंख्याखाली बसलेलो. लाईट कुठं गेलती?" मी म्हटलं, "मामा, तुम्हाला झोप लागली असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सारखा करत चालू लागले. सरळ माणसाला मी खोटं पाडलं होतं, आपलं खोटं झाकायला.

आणि राग कुणाचा येत होता? तिचा! ती का विचारत नाही, का भांडत नाही, सारखी धूत काय बसते. एकदा मी तिच्यावर ओरडलेसुद्धा, नळ्या उलट्या वाळत घालत नाहीस म्हणून. तिनं त्या उलट्याच घातलेल्या होत्या.

त्या दिवशी माझं मलाच असह्य झालं. दुपारची वेळ होती, मामा बँकेत गेले होते, आम्ही दोघीच. ती टेबलावर काहीतरी लिहीत होती. मी समोर जाऊन उभी राहिले, कारण बसले असते तर पुन्हा फिनेलचं काढलं असतं.

"लाईट गेली नव्हती," मी म्हटलं. "मी गाळलं. मला ते मळलेलं वाटलं. जुन्या नळ्या मीच मारायला दिल्या. तू हात लावू नका म्हणाली होतीस."

तिनं पेन खाली ठेवलं. "माहितीय मला."

"मामांनी सांगितलं?"

"नाय. मामांनी एक शब्द काढला नाय. कपाटाच्या प्लगला तो गोल टायमर हाय ना, बारा तास दिवा चालू, बारा तास बंद. लाईट गेली की तो तेवढाच मागं पडतो. मी आल्या आल्या बघितला. मिनिटभर पण मागं नव्हता."

म्हणजे पहिल्या क्षणापासून. मी तीन-चार तास म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तो टायमर होता. माझे कान तापले. इतके दिवस मी एकटीच नाटक करत होते आणि समोर बसून ती ते बघत होती.

"मग बोलली का नाहीस?"

तिनं उत्तराऐवजी समोरची वही माझ्याकडे फिरवली. तिची नोंदवही होती. तारीख, काय केलं, काय झालं, कारण, असे चार रकाने. पोळ्याच्या आठवड्यापाशी तीन रकाने भरलेले होते. "चोवीस नळ्या, सर्व मृत." चौथा कोरा.

"ते तुमच्यासाठी सोडलंय," ती म्हणाली. "मला लिहिता आलं असतं. पण ते तुम्ही लिहायला पाहिजे."

मी उभ्या उभ्याच लिहिलं. गाळणीचं माप, किती पातळ केलं, जुन्या नळ्या कुणाच्या सांगण्यावरून मारल्या, लाईट गेल्याचं खोटं कुणी सांगितलं. रकाना पुरला नाही, समासात गेले. माझं अक्षर सुबक म्हणून प्रसिद्ध आहे, त्या दिवशी ते वाकडं आलं. खाली सही केली. मग म्हटलं, "तुझी मुदत वाढवून मिळावी म्हणून मी विद्यापीठात जाते. जे लागेल ते लिहून देते. पुन्हा जहाजावर जायचं असेल तर..."

"मॅडम," ती मध्येच म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा अपराधी झाला. "मला पण सांगायचंय. कल्चर हाय."

"कुठं?"

"वैजापूरला. तिथल्या कॉलेजात माझी मैत्रीण शिकवती. त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असतो. तिथं सहा नळ्या ठेवल्यात, मागच्या उन्हाळ्यापासून. तुम्ही म्हणला होता, कल्चर या दाराबाहेर जाणार नाही. तरी मी नेलं." तिनं श्वास घेतला. "आमच्यात विरजण एका घरात ठेवत नाहीत. शेजारी चमचाभर देऊन ठेवायचं. आपलं नासलं तर मागायला घर पाहिजे. माय तसंच करती. मी पण केलं."

मी हा नियम केला होता खरा. दुसऱ्या कॉलेजातल्या एका सरांनी नमुना मागितला तेव्हा चिडून केला होता, आमचं ते आमचंच राहावं म्हणून. तो पाळला असता तर आज जगात तिची जात उरली नसती. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि तिनं मला इतके दिवस तळमळत ठेवलं याचा रागसुद्धा येत होता. पण रागावण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"जिवंत आहे?"

"हिरवंगार. काल रात्रीच फोटो आला."

"मळासकट?" मी विचारलं. ती हसली. "त्याच्यासकटच."

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं वैजापूरला गेली. मी सोबत येते म्हटलं, ती नको म्हणाली. मी दिवसभर खिडकीशी जाऊन येत होते. मामांची मी माफी मागितली, त्यांनी "जाऊ द्या" म्हटलं, पण त्या दिवशी माझ्यासाठी चहा आणला नाही. संध्याकाळी ती आली. ओल्या फडक्यात आणि निळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन नळ्या छातीशी धरून. कपाट उघडून तिनं त्या आपल्या हातानं मधल्या फळीवर उभ्या केल्या. फिकट हिरवी झाक होती, मी लांबूनच बघितली.

"आणि बाकीच्या चार?" मी विचारलं.

"त्या तिकडंच राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. का, हे मी विचारलं नाही.